ब्याण्णवाव्या पानावरची राहिलेली ओळ

रविवारी सकाळी सव्वादहा वाजता तुडतुड्याला एक शब्द येत होता. साडेदहा वाजता तो शब्द त्याला येत नव्हता. मधल्या पंधरा मिनिटांत तो पडला नव्हता, भिजला नव्हता, कोणी त्याला रागावलंही नव्हतं. मी फक्त त्याची बॅटरी बदलली होती, आणि तीही पुस्तकात लिहिलं होतं अगदी तशीच.

तुडतुड्या हा माझ्या धाकट्या भावाचा रोबो. उंचीला माझ्या गुडघ्याएवढा, चालायला तुरुतुरु आणि आवाजाला जरा नाकातला. भावाचं नाव कैवल्य, वय वर्षं पाच. त्याला ऐकू छान येतं, समजतंही सगळं. आईने लाडू कुठे लपवलेत ते तर घरात सगळ्यांत आधी त्याला समजतं. पण त्याच्या तोंडून शब्द येत नाहीत. म्हणून तो स्वतःच खुणा तयार करतो आणि तुडतुड्या त्या बघून, लक्षात ठेवून, मोठ्याने बोलून दाखवतो. कानाला मूठ लावली की पाणी. पाण्यासाठी कानाला मूठ का, ते मला विचारू नका.

कैवल्यकडे अशा साठ-सत्तर खुणा होत्या. आईची होती, बाबांची होती, खालच्या मजल्यावरच्या मांजरीचीसुद्धा होती. माझी नव्हती. मी कधी बोलून दाखवलं नाही, पण मला त्याचं फार वाईट वाटायचं. रोज त्याची बुटाची लेस बांधते कोण? मांजर?

तर त्या रविवारी सव्वादहाला कैवल्य माझ्यासमोर उभा राहिला. त्याने स्वतःच्या मानेमागे मूठ नेली आणि दोनदा खाली ओढली, एखादी वेणी ओढावी तशी.

"ही खूण नवीन आहे," तुडतुड्या म्हणाला. "कोणाची?"

कैवल्यने माझ्याकडे बोट दाखवलं.

"ताई," तुडतुड्या म्हणाला.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि आईला सांगितलं की कांदा झोंबला. आई त्या वेळी भेंडी चिरत होती.

थोड्याच वेळात तुडतुड्याची बॅटरी संपत आली म्हणून तो पिकपिक करू लागला. कपाटात नवीन बॅटरी होती आणि शेजारी जाडजूड पुस्तिका. मी ब्याण्णवावं पान उघडलं, एकेक ओळ वाचत बॅटरी बदलली आणि तुडतुड्याला जागं केलं. कैवल्य धावत आला आणि त्याने मानेमागची ती वेणी ओढली.

"ही खूण मला माहीत नाही," तुडतुड्या म्हणाला.

कैवल्यने पुन्हा ओढली. मग तिसऱ्यांदा, अगदी सावकाश, नीट दिसावी म्हणून.

"ही खूण मला माहीत नाही."

कैवल्यने आपल्या हाताकडे बघितलं, मूठ उघडली आणि तो हात पाठीमागे लपवला. मी म्हटलं, "अरे, मला कळलंय ना! मीच ती!" पण त्याने मान हलवली आणि टेबलाखाली जाऊन बसला. आपलीच खूण चुकली असं त्याला वाटलं होतं. तुडतुड्याला ती खूण मी पुन्हा शिकवू शकले असते. पण मीच माझी खूण शिकवण्यात काय अर्थ? ती त्याने करायला हवी होती, आणि आता तो ती करणार नव्हता.

मी रोबो उचलला आणि तडक वरच्या मजल्यावर आबांकडे गेले.

आबा म्हणजे माझे आजोबा. गडहिंग्लजमध्ये त्यांना लोक 'कॉम्प्युटरवाले चव्हाण' म्हणून ओळखतात. तुडतुड्यासारख्या रोबोंमध्ये 'कारभारी' नावाची ऑपरेटिंग सिस्टिम (यंत्राच्या सगळ्या भागांना कामं वाटून देणारा मुख्य प्रोग्राम) असते. ती कोणा एका कंपनीची नाही, जगभरच्या हजारो लोकांनी मिळून ती बनवलीय. आबांनी तिच्यासाठी प्रोग्राम लिहिला नाही, पुस्तिका लिहिली. यंत्र कसं वापरायचं, अडलं तर काय करायचं, हे सगळं सोप्या मराठीत चारशे अकरा पानांत सांगणारी पुस्तिका, जिची पुढे कितीतरी भाषांत भाषांतरं झाली. आबांना दोन गोष्टी मुळीच खपत नाहीत. एक म्हणजे पाणचट चहा, आणि दुसरी, त्यांच्या पुस्तिकेत चूक आहे असं कोणी म्हणणं.

"पुस्तिकेत चूक?" आबा म्हणाले. "ऋजुता, अगं अकरा वर्षं झाली त्या पानाला. आजपर्यंत कोण काय बोललं नाही. आण इकडं, दाखवतो तुला."

त्यांनी तुडतुड्याला सांगितलं, "आबांच्या चहात दोन वेलदोडे घालतात." तुडतुड्याने मान डोलावली. आबांनी बॅटरी काढली, पुन्हा घातली आणि विचारलं, "माझ्या चहात किती वेलदोडे?"

"दोन," तुडतुड्या म्हणाला.

आबांनी हेच तीनदा करून दाखवलं. तिन्ही वेळा तुडतुड्याला आठवलं. "बघितलंस? तुझंच कायतरी राहिलं असणार बाळ. घाईत होतं असं."

मी हिरमुसून खाली आले. पण जिन्यातच थांबले. मी घाई केली नव्हती. एकेका ओळीवर बोट ठेवून केलं होतं. मग माझ्या हातून शब्द जातो आणि आबांच्या हातून जात नाही, असं का? यंत्र तेच, बॅटरी तीच, पुस्तक तेच. फक्त हात वेगळे होते.

मी परत वर गेले. "आबा, अजून एकदा करा की. मी पुस्तक धरते."

पुस्तकात चार ओळी होत्या. रोबोच्या पाठीला कीबोर्ड जोडा. 'झोप' असं लिहा. हिरवा दिवा विझेपर्यंत थांबा. बॅटरी काढून नवी घाला. मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. आबांनी कीबोर्ड जोडला. मी दुसऱ्या ओळीवर बोट नेलं. आबांनी एका हातात चहाचा कप धरला होता आणि दुसऱ्या हाताची बोटं टकाटक चालली. फार चालली! 'झोप' लिहायला इतकी टकटक कशाला लागते?

"आबा, तुम्ही 'झोप'च्या आधी काय लिहिलंत?"

"कुठं काय?"

"लिहिलंत. मी ऐकलं."

"उगाच कायतरी बोलू नकोस."

"मग स्क्रीनवर बघा."

आबांनी चष्मा वर सरकवला. कीबोर्डच्या छोट्या स्क्रीनवर तीन शब्द होते. आवर. आवर. झोप.

आबांनी कप खाली ठेवला. मग पुस्तकाचं पान बघितलं, मग स्क्रीन, मग पुन्हा पान. पानावर 'आवर' कुठेच नव्हतं.

"आवर म्हणजे काय, आबा?"

आबांनी माझ्या हातातलं पुस्तक मिटलं. मग त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट केलं. ती खुर्ची प्रत्येक घरात असते. तिच्यावर कोणी बसत नाही, कारण तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग असतो.

"हे कपडे कपाटात का नाहीत?" आबांनी विचारलं.

"तुम्ही आळशी आहात म्हणून."

"ते झालंच. पण एकेक मोजा वाळला की तो घेऊन कपाटापर्यंत जायचं, दार उघडायचं, घडी घालून ठेवायचं, परत यायचं, असं केलं तर दिवस त्यातच जाईल की नाही? म्हणून आपण आधी सगळं खुर्चीवर टाकतो आणि सवडीने एकदम कपाटात ठेवतो. कारभारीही तेच करतो. यंत्रात दोन जागा असतात. एक तात्पुरती स्मृती (झटपट लिहिता येणारी, पण वीज गेली की कोरी होणारी जागा). ही आपली खुर्ची. दुसरी कायमची साठवण (लिहायला वेळ लागणारी, पण वीज गेली तरी टिकणारी जागा). ते कपाट. तुडतुड्या नवीन काही शिकला की ते आधी खुर्चीवर पडतं. दर अर्ध्या तासाने कारभारी ढीग उचलतो आणि कपाटात लावतो."

"आणि आवर?"

"अर्धा तास थांबू नको, आत्ताच्या आत्ता सगळं कपाटात ठेव, असा हुकूम."

मी म्हटलं, "पण मी 'झोप' लिहिलं होतं ना. झोपायच्या आधी त्याने आवरायला नको?"

"नाही आवरत. झोपेत थोडी वीज चालू असते, त्यामुळे खुर्चीवरचे कपडे खुर्चीवरच राहतात. बॅटरी काढली की मात्र खुर्चीच नाहीशी." आबांनी डोळे मिटून घेतले. "आमच्या तरुणपणी यंत्रं कधीही बंद पडायची गं. केलेलं सगळं काम जायचं. म्हणून आम्हाला सवयच लागली, काहीही करायच्या आधी 'आवर' लिहायचं. तेही दोनदा, एकदा लिहून भरवसा वाटायचा नाही म्हणून. बोटं आपोआप लिहितात. हे पान मी लिहिलं तेव्हा शंभरदा तपासलं असेल, आणि शंभरदा माझ्या बोटांनी गुपचूप आवरून घेतलं. डोक्याला पत्ताच नाही."

म्हणजे कोडं सुटलं होतं. जुन्या साठ-सत्तर खुणा केव्हाच कपाटात गेल्या होत्या. 'ताई' मात्र अजून खुर्चीवर होती, आणि मी खुर्चीच उचलून फेकली होती.

"पण अकरा वर्षांत कोणालाच कसं कळलं नाही?"

"जास्तीत जास्त शेवटच्या अर्ध्या तासातलं जातं. बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. आणि ज्यांच्या ध्यानात आलं असेल..." आबांनी पुन्हा ते पान उघडलं. "त्यांना वाटलं असेल, माझंच कायतरी चुकलं. पुस्तक कशाला चुकेल? मी तुलासुद्धा तेच सांगितलं की."

ते उठले आणि जिना उतरून खाली आले. त्यांचे गुडघे दुखतात, तरी ते जमिनीवर बसले, वाकले आणि टेबलाखाली कैवल्यच्या समोर गेले.

"कैवल्य, तुझी खूण बरोबर होती," आबा म्हणाले. "तुझा हात बरोबर, तुडतुड्या बरोबर, ताईसुद्धा बरोबर. चूक पुस्तकात होती, आणि पुस्तक मी लिहिलं होतं. मला माफ कर बाळा."

कैवल्यने त्यांच्याकडे एकटक बघितलं. त्याचा हात पाठीमागेच होता. पण तो थोडा सरकला आणि त्याने आबांना टेबलाखाली जागा करून दिली. माझे आबा, ज्यांना चूक दाखवलेली चालत नाही, ते तिथे बसून राहिले. मला त्या वेळी ते इतके आवडले की सांगता येणार नाही.

आता चूक सुधारायला हवी होती, आणि लवकर. कैवल्यच्या शाळेत त्याला धरून अशी नऊ मुलं आहेत, प्रत्येकाचा एकेक रोबो. बुधवारी त्यांच्या मगदूम मॅडम सगळ्या रोबोंच्या बॅटऱ्या बदलणार होत्या, ब्याण्णवावं पान समोर ठेवून.

कारभारीच्या पुस्तिकेत कोणालाही दुरुस्ती सुचवता येते. त्यासाठी दुरुस्तीपत्र लिहायचं असतं. मी लिहिलं, 'या पानावर एक भयंकर चूक आहे आणि तिच्यामुळे माझं फार मोठं नुकसान झालं.'

"भयंकर काढ," आबा म्हणाले. "नुकसानही काढ. पानावर काय लिहिलंय, करून बघितल्यावर काय होतं आणि तू ते कसं तपासलंस, एवढंच सांग. वाचणाऱ्याला तेच करून बघता आलं पाहिजे."

मग मी तसं लिहिलं आणि शेवटी नवी ओळ सुचवली, 'झोप लिहिण्याआधी आवर असं लिहा.' झालं, असं मला वाटलं. पण आबांनी सांगितलं की अजून एक रीत पाळायची राहिलीय. पुस्तिका लिहिणाऱ्यांमध्ये तिला 'कोरा हात' म्हणतात. नवीन लिहिलेलं पान अशा माणसाकडून करून घ्यायचं, ज्याने ते काम कधीच केलेलं नाही. आणि ज्याने पान लिहिलं त्याने समोर बसायचं, पण स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून आणि तोंड बंद ठेवून.

"या पानाच्या वेळी मला कोरा हात मिळाला नाही," आबा म्हणाले. "खरं तर मी शोधलाच नाही. एवढंसं तर पान आहे, म्हटलं."

सोमवारी शाळा सुटल्यावर मगदूम मॅडम आमच्या घरी आल्या. "मला मशीनमधलं काय कळत नाही हं आबा," त्या दारातच म्हणाल्या. "उगाच बिघडवून ठेवीन."

"तेच पाहिजे आम्हाला," आबा म्हणाले.

मी तुडतुड्याला सांगितलं, "आज ऋजुताने निळे मोजे घातलेत." मग आबा आणि मी ओळीने पलंगावर बसलो, हात मांड्यांखाली. कैवल्य पडद्याआडून बघत होता. मॅडमनी माझी ओळ वाचली, 'आवर' लिहिलं आणि लगेच 'झोप' लिहिलं. स्क्रीनवर काहीतरी उमटत होतं, ते त्यांनी बघितलंच नाही. त्यांनी का बघावं? मी तसं लिहिलंच नव्हतं! माझे हात मांड्यांखाली नुसते वळवळत होते. ओरडावंसं वाटत होतं, मॅडम, थांबा, त्याचं आवरून होऊ दे! आबांनी मला कोपराने ढोसलं.

मॅडमनी बॅटरी बदलली आणि तुडतुड्या जागा झाला. मोज्यांचा रंग त्याला आठवत नव्हता. आबा दोनदा 'आवर' लिहायचे, तेवढ्या वेळात त्याचं आवरून व्हायचं; मॅडमनी एकदाच लिहिलं होतं.

"अगंबाई, बिघडवलं मी," मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम," मी म्हटलं. "तुमचं काही चुकलं नाही. माझी ओळ अपुरी आहे." हे बोलताना कान गरम झाले. रविवारी आबांना कसं वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं.

मी ओळ बदलली. 'झोप लिहिण्याआधी आवर असं लिहा आणि स्क्रीनवर आवरलं असा शब्द दिसेपर्यंत थांबा.' मॅडमनी पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं, थांबल्या, बॅटरी काढली, घातली.

"निळे," तुडतुड्या म्हणाला.

तेवढ्यात पडदा हलला. कैवल्य बाहेर आला, तुडतुड्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. गालही फुगवले.

"ही खूण नवीन आहे. कोणाची?"

कैवल्यने आबांकडे बोट दाखवलं. हसता हसता आमची तिघांची पुरेवाट झाली, पण कैवल्य हसत नव्हता. त्याने मॅडमचा हात धरून कीबोर्डवर ठेवला. त्याला बघायचं होतं. मॅडमनी तिसऱ्यांदा बॅटरी बदलली. तुडतुड्याने डोळे उघडले. कैवल्यने हात मांड्यांखाली घातले.

"आबा," तुडतुड्या म्हणाला.

आबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. मला आनंद झाला, खरंच झाला. पण खोटं कशाला बोलू, थोडं दुखलंही. मांजरीनंतर आता आबांचाही नंबर लागला होता.

दुरुस्तीपत्र त्याच संध्याकाळी गेलं. मंगळवारी मंगोलियातल्या एका काकूंनी आपल्या कोऱ्या हाताने ते तपासलं आणि कळवलं की त्यांच्याकडेही असंच होतं. चार वर्षांपूर्वी त्यांचा रोबो त्यांच्या मुलीची एक कविता विसरला होता, आणि इतके दिवस त्या मुलीला वाटत होतं की तिनेच काहीतरी दाबलं. काकूंनी लिहिलं होतं, 'आज तिला सांगितलं. ऐकून ती हसली.' रात्रीच्या जेवणाआधी नवीन पान सगळ्या जगात पोचलं. आबांनी आता पुस्तिका पहिल्या पानापासून तपासायला घेतलीय. मी कोरा हात, ते मांड्यांखाली हात घालून समोर. आम्ही सदतिसाव्या पानावर आहोत आणि नऊ चुका सापडल्यात. प्रत्येक चूक सापडली की आबा आधी चिडतात आणि मग मला चिक्की देतात.

बुधवारी मी मॅडमना मदत करायला कैवल्यच्या शाळेत गेले. मदत म्हणजे काय, मॅडमनी 'ही कैवल्यची ताई' अशी सगळ्यांना ओळख करून दिली आणि मी नुसती उभी राहिले. मॅडमनी नवीन पान समोर ठेवून नऊच्या नऊ रोबोंच्या बॅटऱ्या स्वतः बदलल्या. एकही रोबो काही विसरला नाही. मुलं आपापल्या रोबोला खुणा करून बघत होती आणि वर्गभर पाणी, चेंडू, आई, भूक, झोका असा गलका चालला होता. मी दप्तर उचललं आणि निघाले.

दारात मागे वळून बघितलं तर वर्गात एकदम शांतता. कैवल्य सगळ्यांच्या पुढे उभा होता. त्याने मानेमागे मूठ नेली आणि दोनदा खाली ओढली. त्याच्या मागे उभ्या असलेल्या आठही मुलांनी आपापल्या मानेमागे मुठी नेल्या आणि ओढल्या. त्याने कधी शिकवलं होतं त्यांना कोण जाणे.

"ही खूण नवीन आहे," नऊ रोबो एकदम म्हणाले. "कोणाची?"

नऊ बोटं माझ्याकडे वळली.

"ताई," रोबो म्हणाले.

मला हलताच येईना. डोळे भरून आले होते आणि या वेळी जवळपास भेंडीसुद्धा नव्हती. मॅडम चटकन पुढे झाल्या. "थांब हं ऋजुता, जाऊ नकोस. हे आधी आवरून घेते." त्यांनी तुडतुड्याला कीबोर्ड जोडला आणि 'आवर' लिहिलं. आम्ही सगळे त्या एवढ्याशा स्क्रीनभोवती डोकी जोडून उभे राहिलो. कैवल्यने माझी खरीखुरी वेणी मुठीत धरून ठेवली होती, आणि 'आवरलं' असा शब्द उमटेपर्यंत त्याने ती सोडली नाही.